वहीत 'ओबासान' एकच, जपानीत दोन. हा घोळ कसा सोडवायचा?

सांगलीची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. मिरजेत नर्सिंगचं जीएनएम केलं, सध्या एका दवाखान्यात रात्रपाळी करते आणि दिवसा झोप झाली की जपानी शिकते. वृद्धांची सेवा करायचं काम असतं तिकडं, 'काइगो' म्हणतात, त्यासाठी जायचं डोक्यात आहे. जपानीची एन-फाइव्हची, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा डिसेंबरात पुण्याला जाऊन दिली, पासही झाले. पण त्या परीक्षेत तोंड उघडावंच लागत नाही. वाचा, ऐका आणि गोल काळे करा, संपलं.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच एका जपानी बाईंसमोर ऑनलाइन मुलाखतीचा सराव झाला. त्यांनी विचारलं, कुठं काम करता? मी ठसक्यात सांगितलं, दवाखान्यात. बाई हसून म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे केस कापता?" मला काही कळेना. पुढं मी म्हटलं, घरी माझी आजी ८४ वर्षांची आहे, तिचं सगळं मीच करते, म्हणून या कामाची आवड. त्यावर त्या जरा थबकल्या आणि म्हणाल्या, "मावशी ८४ च्या? मग तुमच्या आई किती वर्षांच्या?"

नंतर त्यांनीच समजावलं, पण फोन ठेवला आणि रडूच आलं. शब्द मी घोकून पाठ केलेत हो. वही काढून बघितली तर मावशीपुढंही 'ओबासान' आणि आजीपुढंही 'ओबासान'. दवाखान्यापुढं 'बियोइन' आणि ब्यूटी पार्लरपुढंही 'बियोइन'. मग फरक करायचा कुठं?

आणखी एक. वाक्याच्या शेवटी 'आहे' म्हणायला काहीजण 'देस' म्हणतात, काहीजण 'देसु'. आमच्या क्लासमधला एकजण म्हणतो की सूर चुकला तर अर्थच बदलतो, 'हाशी' म्हणजे पूलही आणि जेवायच्या काड्याही. खरंय का हे? आणि दुखण्याचे ते जोडशब्द, झुकीझुकी, हिरीहिरी, काही केल्या लक्षात राहत नाहीत.

टूलरूमवाले_काका

सिस्टर, जिभेला शिव्या देऊ नकोस, घोळ वहीत आहे. मी १९९४ ते ९७ हामामात्सुत होतो. मोटारसायकली आणि पियानो तयार करणारं गाव, म्हणजे थोडक्यात आपली मिरज आणि कुपवाड एमआयडीसी एकत्र. पहिले सहा महिने माझी वही तुझ्यासारखीच होती.

आपल्याकडं 'कर' आणि 'कार' यात आवाजच वेगळा. अ वेगळा, आ वेगळा, तोंड वेगळं उघडतं. जपानी आवाज आपल्या आ च्या जातीचा, पण आखूड. देवनागरीत आखूड आ लिहायला चिन्हच नाही. मग आपण आखडत्यालाही 'बा' लिहितो आणि लांबवलेल्यालाही 'बा'. मावशी आणि आजी तिथंच एक झाल्या. इ-उ ला चिन्हं दोन आहेत, पण उपयोग शून्य. शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी पट्ट्या खाल्ल्या आपण, तरी 'दिन' आणि 'दीन' बोलताना सारखेच करतो की नाही? आणि शब्दाच्या शेवटी इ आली की हात आपोआप दीर्घ वेलांटी काढतो. तू 'हाशी' लिहिलंयस, 'हिरीहिरी' लिहिलंयस. जपानी शि आणि रि तिथं आखूडच आहेत.

तेव्हा आजपासून लांबवायचं असेल तिथं ऽ टाक. आजी 'ओबाऽसान', मावशी 'ओबासान'. हे सुद्धा तात्पुरतंच, महिनाभरात वही सरळ जपानी अक्षरांत कर. आणि बोलताना जप करतो तसं बोटाच्या पेरांवर मोज. जपानी माणूस शब्द मात्रांवर तोलतो, आपल्या मात्रावृत्तासारखा. ओ, बा, सा, न्: चार पेरं. ओ, बा, आ, सा, न्: पाच. शेवटच्या न् ला स्वतःचं पेर द्यायचं, 'सान' मध्ये गिळायचा नाही. ब्यो, ओ, इ, न्: चार, हा तुझा दवाखाना. बि, यो, ओ, इ, न्: पाच, हे पार्लर. 'ब्यो' एका पेरात बसला पाहिजे. तू तो फोडून 'बियो' केलास आणि बाईंनी तुझ्या हातात कात्री दिली.

जोडाक्षराला मात्र आपण मराठी माणसं पास. 'मका' आणि 'मक्का', 'गडी' आणि 'गड्डी' यातला फरक ज्याला ऐकू येतो त्याला 'ओतो' म्हणजे आवाज आणि 'ओत्तो' म्हणजे नवरा हे वेगळं शिकवायला लागत नाही. फक्त त्या अडखळण्यालाही एक पूर्ण पेर. ओ, त्, तो: तीन.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो तो सांगतो. जपानला जायच्या आधी कुपवाडला एका कारखान्यात होतो. तिथं भिंतीवर पेंटरकडून पाच 'एस'चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच जपानी शब्दांचा बोर्ड करून घेतला होता, इंग्रजी कागद बघून. सेइरी, सेइटॉन, सेइसो, सेइकेट्सु आणि शेवटी 'शिट्सुके'. पोरं तो शेवटचा शब्द मोठ्यानं वाचायची आणि हसायची. 'मुदा' म्हणजे वाया जाणारं काम, ते आमच्याकडं 'मुडा' झालं होतं. एक जपानी इंजिनिअर आले, तासभर 'मुदा, मुदा' म्हणत होते, आम्ही सगळे ढिम्म. शेवटी एकजण म्हणाला, "साहेब मुडा म्हणतायत की रे!"

जपानीत ट-ड नाहीतच, त-द आहेत, आपल्यासारखे दातावरचे. गाडी 'टोयोटा' नव्हे, 'तोयोता'. 'होंडा' नव्हे, 'होन्दा'. इंग्रजीच्या वाटेनं गेलं की घरचा त सोडून परका ट पदरात पडतो. आणि 'सेइरी' मधलं 'सेइ' बोलताना 'सेए' होतं. तुझ्या 'सेन्सेइ', म्हणजे गुरुजी, त्याचंही 'सेन्सेए'च.

त्या शेवटच्या शब्दात तुझ्या देस-देसु चं उत्तर आहे. जपानी माणूस म्हणतो 'श्‌त्सुके'. क, स, त, ह, प अशा अघोष आवाजांच्या मधे इ किंवा उ सापडला की त्याचा आवाज जातो, नुसता श्वास उरतो. वाक्याच्या शेवटी 'देसु', 'मासु' चंही तेच, देस्, मास्. 'सुकि' म्हणजे आवडतं, ऐकू येतं 'स्‌कि'. 'कळलं का?' याला 'वाकारिमासु का', कानावर पडतं 'वाकारिमास्का'. मला पहिल्या दिवशी मस्कापाव आठवला. पण ध्यानात ठेव, स्वर गेला तरी पेर जात नाही. 'स्‌कि' ची दोनच पेरं, घाईत एक करू नकोस.

'त्सु' साठी 'त' आणि 'सु' जोडत बसू नकोस. 'चूल' म्हण, 'चुलता' म्हण, तो च. आणि 'चि' साठी 'चिंच' मधला. हिंदीवाल्यांना हे दोन च वेगळे शिकावे लागतात, आपण आईच्या पोटातून घेऊन येतो. 'फु' ला मात्र वरचे दात खालच्या ओठाला लावायचे नाहीत. बशीतल्या चहावर फुंकर घालतो तेवढंच.

सुराचं मिरजेचं कुणी असेल तर सांगा. माझा कान लेथवर गेला.

जवारी_मिरजकर

काका, हजर आहे. घरी तंबोऱ्याचं काम आहे आणि मी स्वतः हौसेनं जपानी शिकतोय, एन-थ्रीपर्यंत आलोय.

सूर असतो, पण चिनीसारखा प्रत्येक अक्षराला वेगळा नाही. आणि तो जोर नाही, हे पहिल्यांदा डोक्यात घालायचं. इंग्रजी शब्दात एखाद्या अक्षरावर आपण आपटतो, इथं आपटायचं नाही, नुसता स्वर वर किंवा खाली. सगळा खेळ एका गोष्टीचा, स्वर उतरतो कुठं.

'हाशि' घ्या. तोक्योच्या बोलीत 'हा' वर आणि 'शि' खाली, तर काड्या. 'हा' खाली, 'शि' वर, आणि पुढचा 'गा' प्रत्यय पुन्हा खाली, तर पूल. 'हा' खाली, 'शि' वर आणि 'गा' सुद्धा वरच, तर कडा, काठ. म्हणजे पूल आणि काठ यांत फरक पुढचा प्रत्यय आला तरच कळतो. इक्क्यू नावाच्या साधूची तिकडं घरोघरी सांगतात ती गोष्ट यावरच आहे. पुलावर पाटी, 'हा हाशि ओलांडू नये'. पठ्ठ्या 'काठ' असा अर्थ लावून पुलाच्या मधोमध चालत गेला. पाटीवर सूर लिहिलेला नसतो ना. आयर्विन पुलावर असली पाटी लावली तर अर्धी सांगली मधूनच चालेल, नाहीतरी चालतेच.

सिस्टर, तुमच्या कामाचा शब्द 'इताइ', दुखतंय. 'ता' वर चढून शेवटच्या 'इ' वर उतरायचं. उतरलाच नाही, सपाट वर राहिला, तर 'इताइ' म्हणजे मृतदेह. घाबरू नका, पलंगावर बसलेल्या आजोबांना विचारल्यावर तसला अर्थ कुणी घेणार नाही. कागद आणि केस, दोन्ही 'कामि', दोन्हींचा सूरही एकच, तरी त्यांचं अडत नाही. मियाझाकीकडच्या बोलीत तर हा भेदच नाही. सध्या पेरं पक्की करा. सूर ऐकून ऐकून बसतो, तंबोऱ्याची जवारी लावताना बसतो तसा.

अजिंक्यताऱ्याखालची

मिरजकर, तुमचा हाशि घेऊन ओसाकाला जाऊ नका हं! तिकडं उलटं आहे. 'हा' वर 'शि' खाली म्हणजे पूल, आणि काड्या खालून वर. 'देसु' मधला 'सु' सुद्धा तिकडं बऱ्याचदा नीट ऐकू येतो. मी साताऱ्याची, लग्नानंतर सहा वर्षं ओसाकाजवळ होते, त्यातली तीन वृद्धाश्रमात काम केलं. म्हणून सिस्टर, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मीच बोलणार.

ते जोडशब्द पाठ करू नका, मराठीत दुखवून बघा. दाढ किंवा पिकलेलं गळू ठसठसतं ना? ते 'झुकिझुकि'. खरचटल्यावर, भाजल्यावर चुरचुरतं ते 'हिरिहिरि'. डोक्यात घण पडतात ते 'गानगान'. लोकरीचा स्वेटर अंगाला टोचतो ते 'चिकुचिकु', सुई टोचल्यासारखं दुखणंही तेच. मळमळतं ते 'मुकामुका'. पोटात बारीक बारीक दुखत राहतं ते 'शिकुशिकु', आणि गंमत म्हणजे मुसमुसत रडण्यालाही 'शिकुशिकु'च. आमच्या एक आजी रोज रात्री पोटावर हात ठेवून 'शिकुशिकु' म्हणायच्या. मला आधी वाटलं रडतायत, मी रुमाल घेऊन गेले. इंग्रजीतून शिकणारी पोरं या शब्दांना फार वैतागतात. आपल्याला का जड जावं? गूळ हाताला लागल्यावर चिकचिक होतं ते 'बेताबेता', भेंडी बुळबुळीत लागते ते 'नुरुनुरु', काळीज धडधडतं ते 'दोकिदोकि'. आपली भाषा याच मातीतली आहे.

आता उच्चार बरोबर असूनही जिथं फजिती होते ते. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं पुस्तकात असतं. कुणाला म्हणू नका. बायका नवऱ्याला 'आनाता' म्हणतात, आपलं 'अहो' म्हणा ना. पहिल्या आठवड्यात मी मॅनेजरना तीनदा 'अहो' म्हटलं असणार. आडनाव आणि पुढं 'सान', बास. आश्रमातल्या आजींनाही 'ओबाऽसान' म्हणून हाक मारायची नाही, त्यांच्या आडनावानंच. तुमची आजी तुमच्या घरी.

स्वतःच्या आईबद्दल परक्याशी बोलताना 'हाहा', दुसऱ्याच्या आईला 'ओकाऽसान'. हे जमतं. जे जमता जमत नाही ते साहेबांचं. आपण फोनवर म्हणतो, "साहेब आत्ता नाहीयेत." तिकडं बाहेरच्याशी बोलताना आपल्या साहेबांचा मान काढून टाकायचा, नुसतं आडनाव, 'सान' सुद्धा नाही. बाहेरच्यापुढं साहेबही आपल्याच घरातले. माझी जीभ वर्षभर वळली नाही.

'दाइजोऽबु देस्' म्हणजे 'ठीक आहे' असं शिकवतात. आजोबांना विचारलं, अजून चहा? ते म्हणाले, 'दाइजोऽबु'. मी ओतला. ते आपलं 'असू दे, असू दे' होतं. हात आडवा हलतोय का बघायचं. आणि 'चोत्तो…' म्हणून वाक्य अर्धं सोडलं की समजायचं, नाही म्हणाले. आपण 'बघू' म्हणतो तसं.

घरातून निघताना 'इत्ते किमास्', शब्दशः जाऊन येते. आपण तरी 'जाते' कुठं म्हणतो? आत्या ओरडायची, "जाते नाही गं, येते म्हण." तो शब्द मला पहिल्याच दिवशी पाठ झाला.

आणि वाक्याच्या शेवटचे 'ने' आणि 'यो'. पुस्तकात यावर दोन पानं आहेत. काकांना विचारा, सांगली-साताऱ्याकडं ते आधीच आहेत. 'अत्सुइ देस् ने', म्हणजे काय उकडतंय, नव्हं? समोरच्यानं 'व्हय' म्हणावं ही अपेक्षा. 'यो' म्हणजे आपला 'की'. "पिशवी राहिली की!" त्याला ठाऊक नाही ते आपण सांगतोय. साहेबांशी बोलताना दर वाक्याला 'की' लावला तर आगाऊ वाटेल, 'यो' चंही तसंच.

हो, आणि कुणाच्या नातवाचा फोटो दाखवला तर 'कावाइइ', पेरं चार. मी घाईत 'कोवाइ' म्हटलं होतं, तीन. गोड ऐवजी 'भीती वाटते'. फोटो दाखवणारे आजोबा इतके हसले की कवळी काढून ठेवावी लागली.

वाईचे_पंतोजी

मी संस्कृत शिकवतो, जपानी जुजबी. पण टूलरूमवाल्यांनी देवनागरीला फारच झोडपलं, म्हणून थोडं.

त्यांची अक्षरमाला म्हणून बघा. आ इ उ ए ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क च त न प म य र व, आपलीच वर्णमाला! चीनमार्गे गेलेल्या बौद्ध पंडितांच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून ही मांडणी आली. कूऽकाइ हा भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला, ८०६ मध्ये संस्कृत मंत्रांच्या पोथ्या घेऊन परतला. आजही तिकडच्या थडग्यांजवळच्या लाकडी पाट्यांवर सिद्धम् अक्षरं असतात.

मग प च्या जागी 'हा' कसा? कारण तो 'हा' एके काळी 'पा' होता. हे कळलं की सिस्टरचं एक दुखणं कमी होईल. लांबट वस्तू एक, दोन, तीन मोजताना 'इप्पोन, निहोन, साम्बोन' असं का बदलतं म्हणून मुलं रडतात. प, ह, ब एकाच घरातले. 'साम्बोन' मधला म् तर आपल्या अनुस्वाराचाच. 'आंबा' मध्ये म्, 'अंक' मध्ये ङ्, तसंच त्यांच्या 'न्' चं होतं. कारखान्यातला 'गेंबा', म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, लिहिताना गे-न्-बा च असतो. 'देन्वा', म्हणजे टेलिफोन, त्यातला न् 'संवाद' मधल्या अनुस्वारासारखा, जीभ टाळूला न लावता. पुढं स्वर आला तरी लावायची नाही. 'किन्-एन' म्हणजे धूम्रपान मनाई. जीभ लागली की 'किनेन', म्हणजे स्मरणार्थ.

माणसांची मोजणीही बघा. दोघे, तिघे, चौघे झाले की आपण 'पाच जण' वर येतो. ते 'हितोरि, फुतारि', म्हणजे एकटा, दोघे झाले की 'सान-निन', तीन जण, वर. आपल्यापेक्षा दोन आधी दमले, इतकंच.

टूलरूमवाले_काका

पंतोजी, झोडपलं नाही हो. रोमनपेक्षा देवनागरी शंभर पट बरी, त-द तरी शाबूत राहतात. फक्त त्या आखूड आ चं काहीतरी करा.

जाता जाता, सिस्टर, पाव मागायचा असेल तर 'पान'. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगीजांचे. १५४३ मध्ये ते तिकडं पोचले आणि मागं शब्द ठेवून गेले. खायचं पान मात्र तिकडं मिळत नाही, मी तीन वर्षं शोधलं.

सांगलीची_सिस्टर

काका, ताई, मिरजकर, पंतोजी, सगळ्यांचे आभार. काल रात्रपाळीत वॉर्ड शांत होता, तर वहीची पहिली चाळीस पानं घेऊन बसले आणि लाल पेननं ऽ टाकत गेले. एकशे बारा ठिकाणी टाकावे लागले! 'कोको' म्हणजे इथं आणि 'कोऽकोऽ' म्हणजे हायस्कूल, हे सुद्धा माझ्याकडं एकच होतं. 'मी बारावीपर्यंत इथं शिकले' असलं काहीतरी मी मुलाखतीत बोलले असणार, देव जाणे त्यांना काय ऐकू आलं.

एका पेशंटला 'ठसठसतंय का?' विचारता विचारता तोंडातून 'झुकिझुकि' निघालं. तो म्हणाला, "सिस्टर, इंजेक्शन आहे काय ते?"

पुढच्या बुधवारी बाईंसमोर पुन्हा सराव आहे. सकाळपासून पेरांवर ब्यो-ओ-इ-न् करत बसलेय. आजीनं विचारलं, "काय गं, जप करतेस?" म्हटलं, हो.

टूलरूमवाले_काका

ओबाऽसानना नमस्कार सांग. ऽ सकट.